गौरवीची बिनपगारी रजा

जहाजावरून, कोयबा बेटाजवळ, पनामा
१९ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप शेवंती आत्येस,
गौरवीचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर काही ऐकू येत नाही आणि तू ते कबूल करत नाहीस, म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र. वहीत लिहिते. जहाज बंदराला लागलं की पानांचे फोटो सोनाली वहिनीला पाठवते. ती मोठे करून दाखवील तेव्हा शांतपणे वाच, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढू नको. मी आता तुझ्या चौथीच्या वर्गात नाही.

जहाज लहान आहे. चाळीस पाहुणे, बहुतेक सगळे निवृत्त. रोज सकाळी त्यांना रबरी होड्यांतून बेटांवर न्यायचं, पशुपक्षी दाखवायचे आणि मोजून परत आणायचं, हे आमचं काम. मुख्य वाटाडी इनेस. ती इथलीच, पन्नाशीची, बोलायला अगदी तुझ्यासारखी, म्हणजे कमी आणि तिखट. मी तिची मदतनीस, तीही कच्ची. मार्चमध्ये ती ठरवणार, मला ठेवायचं की घरी पाठवायचं.

या कोयबा बेटावर पूर्वी तुरुंग होता. कैद्यांच्या धाकानं कोणी इकडे फिरकत नसे, म्हणून रान शाबूत राहिलं. तांबडे पोपट आहेत, शेपटीसकट हातभर लांब. जोडीनं उडतात आणि पेडण्याच्या स्टँडवर म्हापशाचे कंडक्टर ओरडतात तसे ओरडतात. माकडं तर अशी घुमतात की पहिल्या दिवशी मला वाटलं, जहाजाचं इंजीनच बिघडलं. आणि आत्ये, किनाऱ्यावर काजूचं झाड! मोहोर आलेला. मी पान चुरगळून वास घेतला आणि दोन मिनिटं कोरगावात मामाच्या बागेत जाऊन आले. भाषेचंही तसंच. मेजाला ही माणसं मेसा म्हणतात, खमिसाला कामिसा. उरलेलं हातवाऱ्यांवर.

बाबा अजून माझं नाव काढत नसतील. पेडण्याच्या सरकारी ऑफिसातली कायमची नोकरी, तिच्यातून सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली तर त्यांना वाटलं मी घर जाळून निघाले. ३१ मार्चला रजा संपते, हे मला ठाऊक आहे. त्यांना माझा नमस्कार सांग, ऐकत असतील तर.

माया पातळ होऊ देऊ नको,
तुझी गौरवी

चोपडे, ता. पेडणे
२ फेब्रुवारी २०२५

चि. गौरवीस,
शेवंती आत्येचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. सात चुका आहेत, सांगत नाही.

तू शांतपणे वाच म्हणालीस, मी शांतपणेच वाचलं. तरी दुसऱ्या दिवशी पलीकडच्या वाड्यावरचा दत्ताराम विचारत आला, की ते तांबडे पोपट खरंच हातभर असतात का. त्याला कोणी सांगितलं कोण जाणे. सोनाली तोंडाला पदर लावून हसत होती.

तुझा बाबा सगुण बलकांवात, दारापुढच्या बाकावर, जाळं विणत बसला होता. वर पाहिलं नाही. पण तुरुंगाचा मजकूर आला तेव्हा त्याची सुई थांबली होती, ते मी बघितलं. माझे कान गेलेत, डोळे आहेत. सकाळी चहा पिताना मला विचारतो, तिथं सुकतीला पाणी किती उतरतं ते तिनं लिहिलंय का. मी म्हटलं, तूच लिहून विचार. तर पागाचं जाळं खांद्यावर टाकून नदीवर चालता झाला.

गो बाय, त्याच्यावर रागावू नको. तुझ्या रजेचा कागद त्यानं देव्हाऱ्याच्या खणात ठेवलाय आणि कॅलेंडरात ३१ मार्चवर तांबडी खूण केलीय. शाळेचं तोंड सातवीपर्यंत पाहिलेला माणूस. त्याची मुलगी खुर्चीवर बसून शिक्का मारते, हे तो सगळ्या बाजाराला सांगून बसलाय. आता बाजार विचारतो आणि तो मान खाली घालून पुढे जातो.

इकडे तिसऱ्यो भरपूर आहेत. सर्वेशनं काल टोपलीभर आणल्या. तुझी आठवण काढून सगळ्यांनी जास्त खाल्ल्या.

अंगाला तेल लावत जा, आणि आत्येला विसरण्याइतकी मोठी होऊ नको.
शेवंती आत्या

जहाजावरून
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्येस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मनात वाच. खरंच मनात. बाबांना यातलं काही कळता कामा नये.

मंगळवारी इनेसला ताप होता. म्हणून तिनं पहिल्यांदाच मला एकटीला आठ पाहुणे देऊन कांदळाच्या खाडीत पाठवलं. साडेनऊला वळ, असं बजावून. सव्वानऊपर्यंत सगळं नीट होतं. मग वळणावर चमचे दिसले, ते चमच्यासारख्या चोचीचे पक्षी. आपल्याकडचे पांढरे असतात, हे गुलाबी, तीसेक, चिखलात चोची हलवत. पाहुणे हरखले. मीही हरखले आणि पंधरा मिनिटं जास्त थांबले. चोपड्याला पंधरा मिनिटांत काय होतं? काही नाही. इथं पाणी दोन पुरुष उतरतं, आणि उतरताना धावतं. होडी वळवली तेव्हा तिचा पंखा चिखलात रुतला होता.

तरी नुसतं बसून राहिलो असतो तर भागलं असतं. पण वॉल्टर नावाचे एक आजोबा, सत्तर वर्षांचे, भले गृहस्थ. त्यांना वाटलं, आपण उतरून ढकलू. मी नको म्हणेपर्यंत ते उतरलेसुद्धा. मांड्यांपर्यंत गेले. धडपडले तसे आणखी वीतभर गेले. आणि समोरच्या काठावर मगाशी मी ज्या मगरीचे फोटो काढायला लावले होते, ती पाण्यात उतरली.

आत्ये, मला त्या क्षणी इंग्रजी आठवेना. मी मराठीतच ओरडले, हलू नका. त्यांना कळलं. लहानपणी सर्वेशदादा आपल्या नदीच्या चिखलात रुतला होता तेव्हा बाबा मला काय म्हणाले होते, ते कानात ऐकू आलं. ओढू नको, आडवी हो. मी सगळ्यांची लाइफ जॅकेट चिखलावर पसरली आणि त्यांच्यावर पालथी झोपले. सातजणांना एका वल्ह्यानं पाणी आणि हातांनी होडीचा काठ बडवत ठेवायला सांगितलं. चवथीच्या गणपतीपुढल्या घुमटआरतीला तोंडात मारील असा आवाज. मगर लांबच राहिली. मी दुसरं वल्हं वॉल्टरच्या पायालगत खुपसून हलवत राहिले, म्हणजे बाजूनं पाणी आत जावं आणि चिखलानं पाय सोडावा. एका पायाला वीस मिनिटं लागली. दुसऱ्याला त्याहून जास्त. बूट राहिले तिथंच, आजोबा वर आले. वर आल्यावर त्यांनी माझा चिखलाचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

मग दोन वाजेपर्यंत, पाणी येईपर्यंत, आम्ही ताडपत्रीखाली बिस्किटं खात बसलो. जहाजाला बिनतारीवरून कळवलं होतंच. कोणी तक्रार केली नाही. उलट एक बाई म्हणाल्या, की चमचे पाहायला एवढा वेळ मिळेल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी नोंदवहीत मी खरं ते लिहिलं: पंधरा मिनिटं माझ्यामुळे गेली, चूक माझी. इनेसनं वाचलं, वही मिटली आणि कपाटात ठेवली. आता बहुतेक तुझ्या कॅलेंडरातली तांबडी खूणच खरी होणार.

लोभ आहेच, आता थोडा धीरही दे.
गौरवी

चोपडे
२३ फेब्रुवारी २०२५

चि. गौरवीस,
आशीर्वाद आणि चार शिव्या. वि. वि.

मी मनातच वाचलं. म्हणजे मला तसं वाटलं. मगर पाण्यात उतरली तिथं डोळे वर केले तर सगुण समोर उभा. सोनाली म्हणते, मी पहिल्या ओळीपासून वर्गात धडा वाचतात तसं वाचत होते. आता काय करायचं ते कर.

तो पुढचं वाच म्हणाला. तू गेल्यापासून तुझं पत्र त्यानं आपण होऊन वाचायला सांगितलं ते पहिल्यांदा. वाचलं. मग नदीवर गेला आणि होडीत नुसता बसून राहिला. जेवायला हाक मारली तेव्हा आला. अर्धा भात झाल्यावर म्हणाला, की आडवी झाली ते बरोबर केलं, पण त्याआधी आंधळी होती का. सुकती लागली की कांदळाच्या मुळांवर ओली रेघ उघडी पडते. रेघ बोटभर झाली की होडी वळवायची, मग पुढ्यात पक्षी असो नाहीतर देव असो. घड्याळ नदीला बांधलेलं नसतं.

हे आपण सांगितलं असं लिहू नको, असंही म्हणाला. मी लिहिलं.

माझं विचारशील तर मी दोन दिवस नीट जेवले नाही. पण वहीत स्वतःची चूक स्वतः लिहिलीस, ते वाचून उठले आणि पेज करून प्यायले. तीस वर्षं मुलांना तेवढंच शिकवायला बघत होते. बाकीचं पाठांतर.

सांभाळून राहा. तुझ्यावर जीव ठेवायला इथं माणसं आहेत, एक तर बोलायलाही लागलंय.
शेवंती आत्या

पनामा सिटी
१० मार्च २०२५

ती. आत्येस,
सा. न. वि. वि.

आता मोठ्यानं वाच. दत्तारामला ऐकू जाऊ दे.

ताप उतरल्यावर इनेस माझ्याबरोबर त्याच खाडीत आली. होडी माझ्या हातात, ती मागे बसलेली. या खेपेला मी घड्याळ पाहिलंच नाही, मुळं पाहत राहिले. आणि नेमकं तेव्हा एका पाहुण्याला कांदळाच्या फांदीवर मुंगीखाऊ दिसला. मूठभर सोनेरी लोकरीचा गोळा. इथली माणसंसुद्धा वर्षानुवर्षं शोधतात असा प्राणी. सगळे कॅमेरे काढू लागले. मी रेघ पाहिली. बोटभर झाली होती. वळवली होडी. एक गृहस्थ दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

जहाजावर आल्यावर इनेसनं विचारलं, हे तुला कोणी शिकवलं. मी म्हटलं, माझ्या बाबांनी, ते नदीवर असतात. ती म्हणाली, प्राणी दाखवणारे तिला खूप भेटतात, पाठ फिरवणारे भेटत नाहीत. आणि नोंदवहीत मी खोटं लिहिलं असतं तर तिनं मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. मला दोन वर्षांसाठी ठेवलंय, आत्ये. पक्की.

आता अवघड गोष्ट, ही मात्र मनात वाच. राजीनामा लिहिलाय. सही करून आज कुरिअरनं तुझ्या नावे पाठवते. चिखलात पालथं झोपायला मला भीती वाटली नाही, पण बाबांना हे सांगायची वाटते. तू गुपचूप पेडण्याला नेऊन दे. नंतर, त्यांचं जेवण झाल्यावर, हळू आवाजात सांग. हळू म्हणजे काय, ते सोनाली वहिनीला विचार.

रागावलीस तरी पत्र पाठवत राहा.
गौरवी

चोपडे
२५ मार्च २०२५

चि. गौरवीस,
बाबाचा आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही, तुला माहीत आहे. शेवंती बाजूला बसली आहे, चुका काढते आहे. काढू दे.

कुरिअर शुक्रवारी आलं. ती आज गुपचूप पेडण्याला निघाली होती. गुपचूप म्हणजे जाते कुठं, ते बसस्टॉपवर चार माणसांना सांगून. मी मागून गेलो आणि पाकीट तिच्या हातातून घेतलं. घरी येऊन इस्त्रीचं शर्ट घातलं, सर्वेशची मोटारसायकल घेऊन ऑफिसात गेलो.

तुझ्या टेबलावर आता तुषार म्हणून मुलगा बसतो. त्यानं कागद वाचला आणि विचारलं, काका, सरकारी नोकरी कोण सोडतं, मुलगी शुद्धीवर आहे ना. इतके महिने बाजारात हेच विचारायचे आणि मी खाली बघायचो. आज मी खुर्ची ओढून बसलो आणि त्याला सांगितलं. खाडी सांगितली, ते म्हातारे सांगितले, मगर सांगितली. बाकीची टेबलं उठून आली. साहेब बाहेर आले. शेवटी चहा आला. मगर केवढी होती ते तू लिहिलं नव्हतंस, म्हणून मी माझ्या अंदाजानं सांगितली. कमी भरली तर कळवू नको.

तुला वाटलं असेल मी नोकरीसाठी धरून बसलो. तसं नाही. आपली नदी तुला लहान पडली असं मला वाटलं होतं. ते मी कोणाला बोललो नाही. पण चिखलात तू झोपलीस ते इथल्यासारखीच झोपलीस.

शिक्का मारून पोच घेतली आहे. सोनाली फोटो पाठवील. आता रजेचा अर्ज कोणाला करायला नको. चवथीला ये. आणि चवथ झाली की परत जा.

तुझा,
सगुण बाबा