बोलायला बंदी आणि विजेची गिटार

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (पूर्वी साष्टांग लिहीत असे, पण आता कंबर मला खोटं लिहू देत नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची साखर आटोक्यात आहे ना, की अजून बिस्किटांचा पुडा पुस्तकांमागे दडवतात? इकडे सर्व क्षेम आहे. हे वाक्य मी प्रत्येक पत्रात लिहीत आलो, म्हणून याही पत्रात लिहिलं. त्यावर फार विसंबू नकोस.

माझा घसा बसलाय एवढंच हिने तुला फोनवर सांगितलं असेल. तेवढंच सांगायचं, अशी मी तिला ताकीद दिली होती. खरी गोष्ट अशी की माझ्या स्वरयंत्रावर एक गाठ निघाली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छोटीशी आहे हो, काढू आणि तपासायला पाठवू." हे त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की मी लगेच सावध झालो. (सारा जन्म कारखान्याच्या फाटकावर भाषणं करण्यात गेलेल्या माणसाला गोड आवाजाचा अर्थ कळतो. कामगार कमी करायचे असले की व्यवस्थापक अगदी असेच बोलतात.) ऑपरेशन होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने म्हणे जास्तच ताण पडतो. नंतर आवाज पहिल्यासारखा येईल का, असं मी पाटीवर लिहून विचारलं, तर म्हणाल्या, "बघू." ताई, या 'बघू'विरुद्ध मी किती मोर्चे काढले असतील! आणि आता तोच शब्द माझ्या गळ्यात जाऊन बसलाय आणि मला साधी घोषणा देता येत नाही.

घरात बोलणं पाटीवर चालतं. म्हणजे मी लिहितो. ही चष्मा शोधते. चष्मा सापडेपर्यंत मुद्दा शिळा होतो. (भांडणाच्या वेळी तो सापडतच नाही, हे माझ्या लक्षात आलंय.) तेव्हा मी ठरवलं की आपल्याला दुसरा आवाज हवा. माणसाला आवाज नसेल तर त्याला कोणीही कुठेही ढकलतं, हे मी हजारो लोकांना ओरडून सांगितलेलं आहे, ते काय टाळ्यांसाठी? बासरीला फुंकर लागते, म्हणजे पुन्हा घसा. पेटीला बसावं लागतं, आणि बसून मला काहीच मांडता येत नाही. उरली विजेवरची गिटार. उभं राहून वाजवता येते, गळ्यात पट्टा असतो आणि मुख्य म्हणजे तिला लाउडस्पीकर लागतो! हे माझं वाद्य आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. गुरू करायचा नाही, हेही ठरलं. पुस्तक आणि निश्चय असला की काय वाट्टेल ते शिकता येतं, असं माझं ठाम मत तुला माहीत आहेच. (तू त्यावर जे म्हणतेस तेही मला माहीत आहे.)

गिटार घरी आणून उघडली आणि पहिला धक्का बसला. तिला भोकच नाही! चित्रातल्या गिटारीला पोटात केवढं तरी गोल भोक असतं, ही आपली पाटासारखी भरीव. दुकानदाराने फसवलं असं समजून मी तशीच परत नेली आणि पाटीवर 'भोक कुठे आहे?' असं लिहून त्याच्यासमोर धरलं. त्याने आधी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, विजेच्या गिटारला नसतं भोक," तो इतका सावकाश म्हणाला की मागे उभ्या असलेल्या बाईंनी आपलं मूल जवळ ओढलं.

दुसरा धक्का खराखुरा होता, निदान मला तसं वाटलं. वायर गिटारीत खोचली, दुसरं टोक स्पीकरच्या खोक्यात खोचलं आणि बटण दाबलं. खोक्यातून घूं असा आवाज येऊ लागला. तारेला बोट लावलं, घूं बंद. बोट काढलं, घूं सुरू. आता तूच सांग, शहाण्या माणसाने यातून काय समजायचं? ती वीज खोक्यातून निघून माझ्या अंगात शिरत होती! मी कपाटातून विजेवरचं जाड पुस्तक काढलं, दोन प्रकरणं वाचली आणि पहिल्यापेक्षा जास्त घाबरलो. तेव्हापासून मी रबरी चपला घालून लाकडी पाटावर उभा राहून सराव करतो. दुकानदाराला फोनवर लिहून विचारलं, तर उत्तर आलं, 'असंच असतं काका. घाबरू नका.' हल्ली मला जो तो घाबरू नका म्हणतो. इतक्या लोकांनी सांगावं, म्हणजे काहीतरी कारण असणारच.

मग मी जी चूक केली ती फक्त माझ्यासारख्या सभेतल्या माणसालाच सुचू शकते. आमच्या सभेत स्पीकरची सगळी बटणं नेहमी शेवटपर्यंत पिळलेली असतात, नाहीतर रस्त्यापलीकडच्या लोकांना ऐकू जात नाही. मी त्याच सवयीने खोक्याची सगळी बटणं उजवीकडे टोकाला नेली, छाती पुढे काढली आणि सहाही तारांवरून एकदम हात फिरवला. ताई, तो आवाज कसा होता हे मी सांगू शकत नाही, कारण पहिल्या क्षणानंतर मला ऐकू येणं बंद झालं. शोकेसमधलं माझं मानपत्र पालथं पडलं. ही हातात झारा घेऊन धावत आली. सिलिंडर फुटला असं तिला वाटलं होतं, पण सिलिंडर तर तिच्या शेजारीच होता. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका वर आल्या. मी माफीनामा लिहू लागलो, तर म्हणाल्या, "राहू द्या. तुमच्या भाषणांपेक्षा बरं आहे. आटोपतं लवकर."

मोबाइलवर एक हसतमुख बाई धडे देतात, त्यांच्याकडे बघून मी शिकतो. (हा गुरू नव्हे. हा संदर्भ.) त्या सारख्या म्हणतात, "खांदे सैल सोडा." माझे खांदे डॉक्टरीणबाईंच्या 'बघू'पासून जे वर गेलेत, ते उतरलेलेच नाहीत. सूर लावताना मी भलतीच खुंटी पिळत बसलो, आणि सर्वांत बारीक तार तुटून गालावर सपकन बसली. बोटांच्या टोकांना खड्डे पडलेत. पण एवढ्या खटाटोपातून मला दोन स्वरमेळ, म्हणजे तीन-चार तारा दाबून एकदम वाजवायचे असतात ते, येऊ लागले. एकातून दुसऱ्यात जायला मात्र वेळ लागतो. तेवढ्यात चहा होतो.

आणि मग मी ती गिटार घेऊन फाटकावरच्या सभेला गेलो. हो, गेलो! बोलता येत नसलं म्हणून गप्प बसणाऱ्यांतला मी नाही. सभेच्या स्पीकरला वायर जोडली. समोर अख्ख्या पाळीचे कामगार बसलेले, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी छाती पुढे काढून पहिला स्वरमेळ वाजवला. मग मी बोटं उचलून दुसऱ्यात गेलो. लोक शांतपणे वाट बघत होते. पहिल्या रांगेतल्या फिटरने दोन्ही अंगठे वर केले आणि ओरडला, "येतोय आवाज! करा सुरू!" ताई, त्यांना वाटलं माइक तपासणं चाललंय. मी पुन्हा पहिल्यात आलो, पुन्हा दुसऱ्यात गेलो. "येतोय, येतोय!" शेवटी युनियनच्या सेक्रेटरीणबाईंनी माझ्यासमोरचा माइक घेतला आणि माझ्याऐवजी भाषण केलं. चांगलं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या माझ्या भाषणाला पडायच्या तशाच होत्या, गं. मला वाटलं होतं, निदान थोड्या कमी पडतील.

घरी येऊन गिटार कोपऱ्यात ठेवली आणि तोंड फिरवून बसलो. स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. मी वाजवायला लागलो की ही तो चालू करते, रिकामा असला तरी. थोड्या वेळाने मिक्सर थांबला आणि ती दारात येऊन उभी राहिली. "थांबलात का?" म्हणाली. मी मान हलवली. "वाजवा की. घर खायला उठतं." आणि पदराने डोळे पुसत, कांदा कापत होते म्हणाली. तिच्या हातात कांदा नव्हता. मी वाजवू लागलो. मिक्सर पुन्हा सुरू झाला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

तर असं सगळं मजेत चाललं आहे. काळजीचं कारण नाही. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
(तूच ठेवलेलं नाव) भोंगा

ता. क. ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. मुद्दाम कळवायचं असं काही नव्हतं, कागदावर जागा उरली म्हणून लिहिलं. तू गुडघे घेऊन एवढा प्रवास अजिबात करू नकोस.

आणखी ता. क. डॉक्टरीणबाई म्हणतात, ऑपरेशननंतर काही दिवसांनी त्या मला पहिला शब्द बोलायला लावतील. मला सुरीची भीती वाटत नाही, त्या शब्दाची वाटते. तोंड उघडलं आणि नुसतीच हवा आली तर? ही रडेल, आणि तिला रडू नको म्हणायलाही माझ्याकडे आवाज नसेल. तू रडणार नाहीस. तू म्हणशील, "बरं झालं मेल्या, आता तरी दुसऱ्याचं ऐकशील." ते तेव्हा कोणीतरी म्हणायला हवं, आणि बाकी कोणाला ते नीट जमणार नाही.

शेवटचा ता. क. पत्र मिळालं की फोन कर. मी उचलीन, पण बोलणार नाही. तार एकदा छेडली तर 'ये' असं समज. दोनदा छेडली तर 'लगेच ये'. 'येऊ नकोस' कसं वाजवतात, ते मी अजून शिकलेलो नाही.