उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत

आबा, काल जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर टाकून बघितलं. मुंबई ते दुबई, विमानाचं अंतर दोन हजार किलोमीटरच्या आत, वेळ तीन तास. तुम्ही असता तर लगेच म्हणाला असता, "आन् गाडी भरायला किती?"

फुलंब्री ते शहर काळीपिवळी जीप चालवण्यात तुमची उमर गेली. बाकीचे ड्रायव्हर ओरडायचे, "औरंगाबाद, अर्ध्या तासात!" तुम्ही सीटा भरायचा वेळ, बाजाराची गर्दी, उतरल्यावरची पायपीट, सगळं धरून सांगायचा. आठवीनंतर शाळा सोडून मी नुसता भटकत होतो तेव्हाची गोष्ट. तुम्ही चहाला गेलेले, आणि दवाखान्यात निघालेल्या एका मावशीला मी म्हणालो, "बसा मावशी, अर्ध्या तासात पोचताल." गाडी भरायलाच पाऊण तास जाणार होता. तुम्हाला कळलं तसं तुम्ही सगळ्यांदेखत मला झापलं. "वाट उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत मोजावी. मधलं खाऊन सांगतो तो ड्रायव्हर नाय, लबाड." आणि अर्धी गाडी रिकामी असताना तिला घेऊन निघाला.

तरी मी तुमच्याशीच लबाडी केली. दुबईचं ठरलं त्या सकाळी तुम्ही जीपची काच पुसताय. "किती लांब हाय रे?" मी म्हणतो, "तीन तास." फडकं थांबतं. "उंबऱ्यापासून?" मी म्हणतो, "व्हय." खरं सांगितलं असतं तर आई रडली असती, तुम्ही गप झाला असता, आणि मला तर गावात एक दिवस काढवत नव्हता. तुम्ही हसून आईला हाक मारली, "ऐकलं का? देवगाव रंगारीला जाऊन यायला याच्याहून जास्त लागतं!"

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी पाइपाच्या कामावर होतो. सायबाची परवानगी, त्याच्याकडचा पासपोर्ट, तिकीट, मुंबई, तिथून बस. पोचलो तर राख गार झालेली. मी काकांच्या अंगावर गेलो, "थांबला का नाय?" काका म्हणाले, "त्यानंच सांगून ठेवलं होतं. पोराला दीड दिवस लागतो, तवर मला ठेवू नका. आन् त्याला बोल लावू नका." मी पहिल्यांदा निघालो तेव्हा दार सोडल्यापासून माझा 'पोचलो' म्हणून फोन येईपर्यंत तुम्ही घड्याळ समोर घेऊन बसला होता म्हणे. आणि त्यानंतर कितीदा फोनवर बोललो आपण. ते तीन तास एकदा पण काढले नाय तुम्ही.

तुम्हाला जाऊन आता आठ वर्षं झाली. हा कागद कुठं टाकणार, खिशातच राहील. पण एक सांगायचं होतं, रागवू नका. गेल्या आठवड्यात आईनं फोनवर विचारलं, "मला काय झालं तर किती वेळात येशील रे?"

मी तीन तासच म्हणालो, आबा.