अकरावी दुरुस्ती

दि. ११ फेब्रुवारी, मंगळवार, दुपारी तीन

चि. टिंबास अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांनी परवापासून माझ्याशी बोलणं बंद केलं आहे आणि तुला खरं काय ते कळवल्याशिवाय ते सुरू होणार नाही, म्हणून हे पत्र. फोन का नाही, तर माझ्या फोनवर त्यांचा विश्वास उरलेला नाही. "फोनवर ती पळ काढते. लिहायला लावा, म्हणजे मला तपासता येईल," असं त्यांनी सिस्टरना सांगितलं, माझ्यादेखत. बत्तीस वर्षं छापखान्यात हे खिळे जुळवायचे आणि त्यांच्या चुका मी काढायचे. त्याचं उट्टं काढायला माणसाने हीच वेळ निवडावी, याला काय म्हणावं.

मी बरी आहे. गुडघा होता तसाच आहे. हवा कोरडी आहे. तू पाठवलेले लोकरीचे मोजे मिळाले. बाबांना घट्ट होतात, मी वापरते.

आता मुद्दा. बाबांना हवापालटासाठी एका ठिकाणी ठेवलं आहे, असं मी तुला महिन्यापूर्वी सांगितलं. हवा तीच आहे. हे ठिकाण घरापासून दोन बसथांब्यांवर आहे. आजारावरचे उपचार आता उपयोगाचे नाहीत असं मोठ्या इस्पितळाने सांगितलं, की माणसाला इथे आणतात. तू जे विचारशील तेच मीही विचारलं, खिडकीपाशी उभी राहून, जरा मोठ्याने: "म्हणजे तुम्ही इथे काहीच करत नाही?" खिडकीतली मुलगी म्हणाली, "करतो की. तुम्ही सकाळपासून काही खाल्लंत का?" मी खाल्लं नव्हतं. तिने बिस्किटं पुढे केली. मला तिचा राग आला आणि बिस्किटंही संपली.

त्यांनी एक माहितीपत्रक दिलं, 'रुग्ण व कुटुंबीयांसाठी'. माझी खोड तुला ठाऊक आहे. बाकावर बसून मी ते लाल पेनने तपासलं. अकरा चुका निघाल्या. दहा ऱ्हस्वदीर्घाच्या. अकरावी पहिल्याच वाक्यात होती: 'रुग्णाला बरे वाटावे, हा आमचा उद्देश आहे.' मी 'रुग्णाला'चं 'रुग्ण' केलं, 'बरे'चं 'बरा', 'वाटावे' खोडून समासात 'व्हावा' लिहिलं आणि पत्रक मोठ्या सिस्टरना परत दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते आणून दाखवलं. दहा दुरुस्त्या मान्य, आभार. अकरावीत मात्र मी खोडलेल्या प्रत्येक शब्दाखाली ओळीने टिंबं दिलेली. खोडलेल्या शब्दाखाली टिंबं दिली, की आमच्या धंद्यात त्याचा अर्थ होतो: दुरुस्ती रद्द, मूळ शब्द तसाच ठेवावा. आता ही खूण सिस्टरना कुठून ठाऊक? मी पलंगाकडे पाहिलं. तुझे बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. खांदे हलत होते.

"बरं होणं वेगळं आणि बरं वाटणं वेगळं, बाई," सिस्टर म्हणाल्या. (मला सगळ्यांनी 'बाई' म्हणावं ही व्यवस्था बाबांनी आल्याआल्या लावून दिली.) "होण्याचं आता आमच्या हातात नाही. वाटण्याचं पुष्कळ आहे."

"हा शब्दच्छल झाला," मी म्हणाले.

"असेल," त्या म्हणाल्या आणि बाबांची उशी नीट करायला गेल्या.

त्याच संध्याकाळी बाबांनी आइस्क्रीम मागितलं. व्हॅनिला, दोन गोळे. मी म्हटलं, "अहो, साखर." सिस्टर म्हणाल्या, "आता साखर नाही मोजायची." "मग मोजायचं काय?" "दुखतंय किती ते. शून्य ते दहा. आणि झोप लागली का." गेली चौदा वर्षं मी रोज सकाळी साखरेचा आकडा वहीत लिहीत आले. ती वही पर्समध्ये होती. तिथेच ठेवली. अजून नेते-आणते, उगीच.

दुखण्यावर ते थेंब देतात. मी डॉक्टरांना विचारलं, "यांची सवय लागली तर?" डॉक्टर तरुण आहेत, सभ्य आहेत. म्हणाले, "तुम्हाला कशाची भीती वाटते, ते सांगाल का?"

मी म्हटलं, "मला भीती वाटत नाही. मी चौकशी करते आहे."

पलंगावरून आवाज आला, "डॉक्टर, तिच्या चौकशीवरही काही थेंब असतील तर बघा."

मग त्यांनी समजावून सांगितलं. थेंब दुखण्याच्या मापाने देतात. त्याने काही लवकर ओढवत नाही की लांबतही नाही. दुखणं हटलं की माणूस निवांत झोपू शकतो, बोलू शकतो, भांडू शकतो. शेवटचं मी स्वतः तपासून पाहिलं आहे.

इथे पेशंट एक असतो आणि तपासणी दोघांची होते. गुरुवारी नातेवाइकांना एका खोलीत गोल बसवतात आणि ज्याला बोलायचं त्याने बोलायचं. मी म्हटलं, माझं काही म्हणणं नाही. त्यानंतर मी चाळीस मिनिटं बोलले, असं तिथल्या एका निवृत्त ड्रायव्हरने घड्याळ लावून सांगितलं. विषय काय, तर शेहेचाळीस वर्षांपूर्वी एका पुस्तकाच्या शेवटच्या पानावर 'आनंद'चा 'आनद' छापला गेला तो. तू जन्मलीस त्या दिवशीची गोष्ट. मी प्रसूतिगृहात, प्रुफं माझ्या मदतनिसाकडे. त्याला मी तो निवृत्त होईपर्यंत बोल लावले.

पाहा, पुन्हा पळाले. बाबा म्हणतात ते खरं आहे.

दर रविवारी तू फोनवर विचारायचीस, बाबा कसे आहेत. मी सांगायचे, "बरं वाटतंय त्यांना." यात एक अक्षर खोटं नव्हतं. पत्रकातलंच वाक्य होतं ते. तू त्याचा अर्थ घेतलास की ते बरे होताहेत, आणि जूनचं तिकीट काढलंस. तू काय अर्थ घेतलास ते मला ऐकताक्षणी कळलं होतं. जन्मभर कुणाचा काना सोडला नाही, मात्रा सोडली नाही, आणि ही एवढी चूक चार रविवार डोळ्यांदेखत जाऊ दिली. परवा तू म्हणालीस, जूनमध्ये तिघं मिळून समुद्रावर जाऊ. मी म्हटलं, "हो, बघू." पलंगावर त्यांनी डोळे मिटले आणि अबोला धरला.

मोजे घट्ट होतात ते पाय सुजतात म्हणून. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, महिन्यांत मोजू नका, आठवड्यांत मोजा. त्यातले चार मी खर्च केले. हे वाक्य मी पाचव्यांदा लिहिते आहे. आधीचे चार कागद टोपलीत आहेत.

साडेचार

इथवरचं त्यांना वाचून दाखवलं. ऐकताना मध्ये एकदा डुलकी लागली, पण 'शब्दच्छल'ला जागे होते. शेवटी अबोला सोडून म्हणाले, "छान. पण एक शब्द गाळलास."

"कुठला?"

"शोध. तपासायची खाज तुला."

मी पहिल्यापासून पुन्हा वाचलं, ओठ हलवत, प्रुफं वाचतात तसं. सापडला नाही.

"तिला सगळं सांगितलंस," ते म्हणाले. "बोलावलंस कुठे?"

ये. जूनमध्ये नको, आता ये.

सिस्टर या पानांचे फोटो त्यांच्या फोनवरून लगेच पाठवत आहेत. खालची ओळ बाबांच्या हातची आहे. वाकडी आहे, पण मी हात लावलेला नाही.

तुझी,
आई

तपासले. आता चूक नाही. बाबा


दि. १८ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी आठ

टिंब,

तू खुर्चीत झोपली आहेस, उठवत नाही. मी घरी जाऊन झोपावं असा सिस्टरचा हुकूम आहे. मी सांगत होते, मी थकलेली नाही. त्या म्हणाल्या, मग बाई, काल पायात दोन वेगळ्या चपला का होत्या. पाळी बदलताना इथे जाणारीने येणारीला लिहून द्यायचं असतं, म्हणून हे.

काल चष्म्याचं घर उघडून बाबांनी तुझ्या हातावर जे ठेवलं, ते मी पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत नव्हते. शिशाचा एक अनुस्वार, तांदळाच्या दाण्याएवढा. "तू झाल्याचं कळलं तेव्हा जे पान समोर होतं, त्यातला उपटून खिशात घातला. तुझं नाव त्यावरून पडलं," म्हणाले. म्हणजे 'आनंद'वरचा. म्हणजे तो मदतनीस निर्दोष होता, आणि हे शेहेचाळीस वर्षं ऐकत बसले. यावर मला त्यांच्याशी बोलायचं आहे. जागे झाले की सांग, बाई बाराच्या आत येते आहे.

सोपवले ते असे:

चष्मा एक. डावी काडी सैल आहे.

रेडिओ एक. बातम्या लागल्या की बंद करावा. निवेदकाच्या चुका काढतात आणि दम लागतो. ही सवय त्यांना कुठून लागली ते विचारू नये.

दुखतंय का विचारलं की आधी "नाही" म्हणतात. दुसऱ्यांदा विचारावं. मग सिस्टरना हाक मारावी.

लोकरीचे मोजे, एक जोड. तुझ्या पायात घातले आहेत. पाय गार लागत होते.

साखरेची वही एक. रद्दीत द्यावी.

बाबा एक. सात वाजता जागे होते. दुखणं दोन. आइस्क्रीम तीन चमचे. एकदा हसले, माझ्या चपलांवर. बरे वाटत आहे. हा शब्द तपासलेला आहे, तसाच ठेवावा.

सोपवणार,
आई