इंजिन टर्बो, ब्रेक तेच

रविवार, माधवनगर

गाडी पळवायला निघालेल्या माणसाला ती थांबवावीही लागते, हे कसं समजावायचं? मला खरंच माहीत नाही.

आप्पांच्या जुन्या फियाटमध्ये दादाने आज भंगारातून आणलेलं कार्बोरेटरवालं टर्बो इंजिन बसवलं. ताकद दुप्पट, ब्रेक तेच. मी घरातली पहिली पदवीधर, तीही मेकॅनिकल. पेढे वाटले यांनीच, पण विचारलं का कुणी? ब्रेक आधी बदला म्हटलं तर दादाच्या मदतीला आलेले गॅरेजचे मिस्त्री हसले.

"आवं ताई, आदी पळू तर द्या. थांबायचं मग बगू."

दादा म्हणाला, "तायडे, डिग्री भिंतीला टांग. चाकाखाली लिंबू ठेवलाय की."

म्हणजे ब्रेकचं काम लिंबू करणार. बॉनेटला हार घातला की मूर्खपणाही शुभ होतो, एवढंच यांचं यंत्रशास्त्र. आणि उद्या त्याच ब्रेकवर हा आईला घाटातून दहिवडीला, मावशीकडे नेणार. मी जरा जास्तच बोलले का? नाही. कमीच बोलले.

दोघं चहाला गेले तेव्हा कार्बोरेटर सोडवून आणला; त्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. माझ्या कपाटात कुलपात आहे. कपड्यांना पेट्रोलचा वास लागेल, लागू दे. दादाला सांगूनही आले: ब्रेक बसव, मग माग.