बिनबटणाचा रेडिओ

५ जानेवारी, सोमवार

आज सकाळी पावणेसातलाच हॉस्पिटलमध्ये पोचलो आणि सगळ्या वॉर्डांतल्या स्पीकरची आवाजाची बटणं काढून घेतली. ओढली की निघतात. डब्यात भरून गिरणीच्या खणात आणून ठेवली.

कारण, बटणं सदोष आहेत. मी आवाज नीट लावून जातो आणि सकाळी माझा कार्यक्रम सुरू झाला की ती शून्यावर येतात. रोज. लोणावळ्याच्या ज्या दुकानातून आणली त्याला सांगितलं, तर तो म्हणतो, भाऊ, बटण आपोआप फिरत नसतं. व्यापारी असंच बोलणार.

आवाज मीच एकदाचा लावून टाकला. कॉरिडॉरच्या टोकाला उभं राहून मला स्वच्छ ऐकू यायला लागलं तेव्हा थांबलो. भाताच्या गिरणीत आयुष्य गेलं. कुठे किती आवाज लागतो ते मला कळतं.

दुसरी गोष्ट मोठी. हॉस्पिटलच्या रेडिओचं काम बघणाऱ्या प्रेरणा मॅडमनी सांगितलं, परवानगी आली. आजवर वॉर्डांपुरता असलेला आपला रेडिओ आता सामुदायिक होणार. कामशेतपासून पवनेच्या काठापर्यंत, घराघरांत. पहाटेनंतरचा पहिला आवाज कोणाचा, ते मात्र पेशंटना विचारून ठरवणार. सकाळी माझ्या ‘प्रभातचिंतना’शिवाय दुसरं काही लागतच नाही, त्यामुळे काळजी नाही. तरी भैरवनाथाला नारळ बोललो.

८ जानेवारी, गुरुवार

आजपासून ‘मौन’ या विषयावर मालिका. विषय खोल आहे. नुसती प्रस्तावनाच पन्नास मिनिटं झाली.

पुरुष वॉर्डात कामाला असलेल्या नंदाबाई मावशी म्हणाल्या, भाऊ, समदी कानात कापूस घालून बसत्यात. यंदा थंडी आहेच तशी. उद्या चिंतनाआधी कानांची निगा यावर दोन शब्द बोलेन.

घरी राजेश्वरीचं म्हणणं, गिऱ्हाईक सकाळी भाताची पोती घेऊन येतं, गिरणी बंद बघून दुसरीकडे जातं. बायकोला लोकसेवा समजावणं अवघड. बोललो बराच वेळ. ती मधेच झोपली.

१० जानेवारी, शनिवार

मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, आदिनाथभाऊ, दहा मिनिटांत बसवा ना. आणि ते ‘प्रिय श्रोतेहो’ वगैरे नको, घरी बोलता तसं बोला.

मॅडम शिकलेल्या आहेत, पण माईकचं शास्त्र वेगळं. माईकसमोर आमी-तुमी केलं तर लोक काय म्हणतील? गावच्या शाळेत गुरुजींनी छडी मारून माझ्या तोंडात ‘ह’ बसवला. तो रेडिओवर नाही वापरायचा तर कुठे?

संकल्प: उद्यापासून वीस मिनिटं. एक मिनिट जास्त नाही.

११ जानेवारी

संकल्प श्रोत्यांना समजावून सांगणं भाग होतं. एकूण एक तास पाच मिनिटं.

१४ जानेवारी, संक्रांत

वॉर्डात तिळगूळ वाटला. प्रत्येकाला स्वतःच्या हाताने. एका बाईने तर दोन्ही हात जोडले, डोळ्यांत पाणी. म्हणाली, भाऊ, दया करा. मी म्हटलं, दया देवाची, मी निमित्त.

नंदाबाई मावशींनी तिळगूळ घेतला आणि म्हणाल्या, तुमी बी घ्या भाऊ, आन् गोड न्हाई बोलला तरी चालंल, जरा कमी बोला. साध्या माणसांचा विनोद मला फार आवडतो. दिवसभर आठवून हसलो. उद्या चिंतनात सांगणार.

१६ जानेवारी, शुक्रवार

एक निरीक्षण. चिंतनाची मालिका सुरू झाल्यापासून पेशंट लवकर घरी जायला मागतात. नर्स म्हणाली, एकाने डॉक्टरांना सांगितलं, टाके घरी काढतो. हाताला प्लास्टर असलेला एक जण तर सातच्या आधीच गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसतो, आठला परत येतो. पूर्वी तो कॉटवरून हलत नसे.

शब्दात शक्ती असते. हे मॅडमना आकडे काढून दाखवलं पाहिजे. पण आपणच आपलं कसं सांगायचं?

१९ जानेवारी, सोमवार

गिरणीत कोंड्यावरून पाय घसरला. उजव्या मांडीचं हाड. आमच्याच हॉस्पिटलच्या पुरुष वॉर्डात आहे. पायाला वजन लटकवलंय, उठायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. साखर वाढलेली निघाली, त्यामुळे ती उतरेपर्यंत ऑपरेशन नाही.

मॅडम भेटून गेल्या. पुढच्या आठवड्यात मंगळवारी पेशंटची मतं घेणार, तोवर कार्यक्रमात खंड नको म्हणून माझी जुनी रेकॉर्डिंग लावणार आहेत. भलं माणूस.

स्पीकर बरोबर माझ्या डोक्यावर. श्रोत्याच्या जागी राहून स्वतःला ऐकण्याचा योग किती जणांना येतो! देवाने पाय मोडला तोही विचार करून.

२० जानेवारी, सकाळी ७.१०

स्पीकरमध्ये दोष आहे. माझा आवाज असा नाही. कोणीतरी चालू गिरणीतून पलीकडच्या माणसाला हाक मारतंय असं वाटतं.

७.३०

कदाचित रेकॉर्डिंगचा वेग कमी ठेवलाय. मी एवढा वेळ एका वाक्यावर थांबत नाही.

७.५०

अजून चालू आहे.

दुपारी

नंदाबाई मावशींना म्हटलं, तो आवाज जरा कमी करता का. तर म्हणाल्या, कशानं करू भाऊ? कुन्या मेल्यानं समदी बटनं चोरून न्हेली. हात झडतील त्याचं. मी हात चादरीखाली घेतले. मावशी तोंडाने बोलतात, मनात काही नसतं.

शेजारच्या कॉटवर धोंडिबा आबा आहेत. पवनेकडचे, खुबा मोडलेला, दहा-बारा दिवसांपासून इथेच. संक्रांतीला मी तिळगूळ वाटला तेव्हा ते ऑपरेशनला गेलेले, त्यामुळे मला ओळखत नाहीत. स्पीकरकडे हात करून म्हणाले, ह्यो बाबा मौनावर लय बोलतो. मी आल्यापासनं त्याचं मौन चाललंय, सरतच न्हाई. आपरेशनला भूल दिली तेवढाच काय तो इसावा.

मी विचारलं, आबा, इषय कसा वाटतो?

म्हणाले, इषय झ्याक हाय. पर त्यो त्यानं घरी बसून करायचा हाय.

एका माणसाच्या मतावर जाऊ नये. आबांना वेदना आहेत, त्यामुळे चिडचिड होते.

२१ जानेवारी, बुधवार

आज भाग दुसरा. चौथ्या भागानंतर माझा सूर लागतो हे मला माहीत आहे. तोवर दम धरला पाहिजे.

वॉर्डात बघत होतो. कार्यक्रम सुरू झाला की कोणी भिंतीकडे तोंड करतं, कोणी चादर डोक्यावरून घेतं. ज्यांना चालता येतं ते संडासाकडे रांग लावतात. आपण हे सगळं ध्यानाची आसनं समजत होतो असं नाही, पण मान खाली घालून ऐकतात एवढं तरी वाटत होतं.

विचार केला, मॅडमना सांगावं, रेकॉर्डिंग बंद करा. पण मतं मंगळवारी आहेत. मीच बंद करा म्हटलं तर सकाळची जागा गेलीच. आणि नाही म्हटलं तर उद्या सातला पुन्हा. पाय तर बांधलेला.

संकल्प: मॅडमना स्वतःहून सुचलं तर आडवं यायचं नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

मॅडमना सुचलं नाही.

राजेश्वरी डबा घेऊन आली. दोन डबे. एकात भाकरी, दुसऱ्यात बटणं. गिरणीचा पट्टा तुटला म्हणून तिने खण उघडला होता. मी खूण करेपर्यंत तिने तो डबा मावशींच्या हातात दिला. म्हणाली, हॉस्पिटलचं दिसतंय, ह्यांनी दुरुस्तीला आणलं असेल.

मावशींनी डब्यात बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, पाय मोडला तेवढ्यावरच भागलं म्हनायचं, भाऊ. मी तर हात मागितलं व्हतं.

आबांना ऐकू गेलं नाही. झोपले होते.

२३ जानेवारी, शुक्रवार

हे नीट लिहून ठेवतो.

सातला कार्यक्रम सुरू झाला. ‘प्रिय श्रोतेहो’ एवढं झालं आणि वॉर्डभर टक टक टक. मावशींनी पहाटेच बटणं बसवली होती. बायकांच्या वॉर्डातूनही बंद झाल्याचं ऐकू आलं. म्हणजे ऐकू येईनासं झालं. अशी शांतता या इमारतीत मी पहिल्यांदा अनुभवली. बाहेर टपरीवर कोणी कप विसळत होतं तेही कळत होतं.

फक्त एक स्पीकर चालू राहिला. माझ्या डोक्यावरचा. हात पुरत नाही. आबांचाही पुरत नाही, त्यांना उठायची बंदी. मावशी चहा आणायला गेलेल्या. वॉर्डातल्या कोणालाही आमच्या कोपऱ्यात यावंसं वाटलं नाही, आणि मी हाक मारली नाही.

दोघे ऐकत राहिलो. कंटाळ्याच्या भरात माझ्या तोंडून पुढचं वाक्य निघून गेलं, मग स्पीकरमधून तेच आलं. असं दोन-तीनदा झालं. आबांनी मान वळवली. तुमास्नी फुडचं कसं ठावं?

आबांनी पुन्हा स्पीकरकडे कान दिला. मग म्हणाले, गळा तुमचाच की वो. आन् सांगायचं न्हाई व्हय? मी रोज तुमच्या तोंडावर तुमास्नी शिव्या घालतोय.

म्हटलं, चालायचं आबा.

आन् तुमी आईकत व्हता?

व्हय, म्हटलं. लय आईकलं.

आबा हसले. खुबा दुखेपर्यंत हसले. मग एकदम म्हणाले, आत्ता बोलला तसं बोला की तितं. एवढं दोन शब्द. कोन कापूस घालंल?

२५ जानेवारी, रविवार

आज भाग सहावा. सूर लागला नाही. चौथ्यातही नव्हता. माझ्या डोक्यावरचा स्पीकर मावशी आता पहाटेच बंद करून जातात. मीच आज म्हटलं, राहू द्या मावशी, एकदा शेवटपर्यंत ऐकू द्या. त्यांनी कपाळाला हात लावला.

दिवसभर एकच विचार. रोज संध्याकाळी दिवा लावून मी देवासमोर बसतो आणि बोलतो. वर्षानुवर्षं. देवाकडे तरी बटण कुठे आहे? तो उठून टपरीवरही जाऊ शकत नाही.

तरीही मंगळवारी स्वतःला मत देणार. मीही पेशंट आहे, माझा हक्क आहे. आणि आता चुका कळल्यात, सुधारणा करता येईल. वीस मिनिटं. पंचवीस. एक मत तरी पेटीत हवं. ‘हवं’ हा शब्द मनात म्हणून ठेवला आहे, ‘ह’ स्वच्छ.

२७ जानेवारी, मंगळवार, सकाळी ११

मतं घ्यायला पुण्याहून तेजल नावाची मुलगी आली होती. कॉटमागून कॉट. प्रत्येकाच्या कानाशी वाकून विचारत होती, म्हणजे दुसऱ्याला कळू नये. मी कोण ते तिला माहीत नव्हतं.

आधी आबांकडे गेली, मग माझ्याकडे. काका, नवीन रेडिओवर रोज सकाळी हे प्रभातचिंतन हवं की नको?

मी म्हटलं, कोण ऐकणार आहे?

ती म्हणाली, सगळेच. गावागावांत लागणार ना.

मला कामशेतच्या बाजारातली माणसं दिसली. चुलीपुढच्या बाया. खाटेला खिळलेले म्हातारे, ज्यांचे हात पोचत नाहीत.

ती म्हणाली, काका, सांगा ना.

ती गेल्यावर आबा हळूच म्हणाले, मी हो म्हनलंय बरं का. शेजारधर्म हाय. पर हळू बोलत जा.

सायंकाळी ५

निकाल लागला. हवं: एक. बाकी सगळी नको.

प्रेरणा मॅडम स्वतः सांगायला आल्या. स्टूल ओढून बसल्या, बराच वेळ चादरीची घडी सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, भाऊ, वाईट वाटून घेऊ नका, पण कार्यक्रम करणाऱ्याचं स्वतःचं मत धरायचं नसतं. ते एक तुमचंच असणार, म्हणून आम्ही वजा केलं.

म्हणजे शून्य.

आबांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली, राहू द्या म्हणून.

माझं मत त्यांनी काढलं नाही. ते मी सकाळीच दिलं, आणि ते नकोमध्ये मोजलेलं आहे.