परवान्यावर दोनच बंदुका

बाबा, दोन महिने झाले, मला एका जागी बसवत नाहीये. गाळ्यात मशीन चालू करते, बंद करते, चहा मागवते आणि विसरते. ज्यांच्याशी बोलायला हवं ते तुम्ही, आणि तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली.

ज्या बंदुकीच्या दुकानासाठी तुम्ही आयुष्यभर लाकडी दस्ते बनवलेत, त्याला आता शंभर वर्षं झाली. मालकाच्या नातवानं त्यानिमित्त शिकारीची खास रायफल काढली. शिकारीवर बंदी आली ती माझ्या जन्माआधी, पण रायफल मात्र शिकारीचीच. पन्नासच नग, मखमली पेटी, वर सोनेरी वाघ. दस्त्याच्या पकडीवर, हात घसरू नये म्हणून, ती बारीक चौकटींची जाळी कोरायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी तुमची मुलगी. मीरा रोडला हाटकेशच्या गाळ्यात माझं लेझर मशीन आहे, एरवी त्यावर ट्रॉफ्या आणि दारावरच्या पाट्या होतात. तुम्हाला एका जाळीला चार दिवस लागायचे. मशीन ती तासाभरात उठवतं. मग माहितीपत्रक छापून आलं, त्यात लिहिलं होतं 'पिढीजात हातकाम'. मी वाचलं आणि काम हातचं जाईल म्हणून गप्प बसले.

रायफल दाखवायचा कार्यक्रम वरसाव्याच्या एका हॉटेलात, खाडीकडच्या हॉलमध्ये होता. शौकीन मंडळी लांबलांबून आली होती. किंमत कळली आणि हॉलमध्ये हशा पिकला. "एवढ्यात मीरा रोडला वन बीएचके बुक होतो यार!" एकजण म्हणाला. दुसरा चष्मा लावून वाघाला न्याहाळत होता, "ये शेर है या पडोस की बिल्ली?" एक शेठ म्हणाले, "पेटी दे दो भाई, बंदूक तुम रखो." मालकाचा नातू कानापर्यंत लाल झाला. मला मात्र आतून बरं वाटत होतं. कुणी घेतलीच नाही तर खोटं कुणाच्या घरी जाणार नाही, असा हिशेब मनाशी करत मी भजी खात उभी होते.

तेवढ्यात तुमचे जुने गिऱ्हाईक, उत्तनचे अंकल, पुढे आले. ते आता फार थकलेत. त्यांच्या रायफलचा दस्ता मोडला होता, तेव्हा तुम्ही अक्रोडाचा नवा केला होतात, आपल्या स्वयंपाकघरात. बंदुकीच्या लोखंडाला घरात यायची परवानगी नव्हती, लाकूड तेवढं यायचं. आई पोळपाट आत सरकवते, तुम्ही भिंतीला टेकून बसता, जवसाचं तेल तळहातानं चोळता. मी नववीत आहे, शेजारी बसून फुटक्या तुकड्यावर जाळी कोरतेय. माझी एक रेघ हद्दीबाहेर जाते. मी गुपचूप लाखेत भुसा कालवून ती बुजवते आणि तुकडा तुमच्यापुढे धरते. तुम्ही नखानं ती लाख उकरून काढता. "चुकलं तर चुकलेलं दिसू दे. झाकणाऱ्याच्या हातात कुणी लाकूड देऊ नये." त्यानंतर तुम्ही महिनाभर मला कानस दिली नाहीत, आणि मी तुमच्यावर महिनाभर चिडून होते.

अंकलनी ती नवी रायफल उचलली, पकडीवर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. त्यांचे डोळे भरून आले. "तुझ्या बापाचा हात हाय ह्यो," ते म्हणाले. "पोरीत उतरला. लोकं हसूं देत, ही मी घेतो."

"थँक्यू अंकल," मी म्हटलं. तुमची मुलगी एवढंच म्हणाली.

मग ते म्हणाले, "परवान्यावर आता दोनच ठेवता येतात. आजोबाची बारा बोअरची बंदूक मी न्हाय सोडणार. ती जुनी रायफल देऊन टाकतो." जुनी म्हणजे तुमच्या दस्त्याची. मशीनच्या जाळीसाठी तुमची चार दिवसांची जाळी जाणार होती, आणि ते थांबवायला माझं एक वाक्य पुरलं असतं.

तेव्हापासून रोज फोन हातात घेते नि ठेवते. सांगितलं तर काम जाईल, आणि बापाच्या नावावर खोटं विकणारी म्हणून सगळ्या शौकिनांत माझी शोभा होईल. कधी तुमचाच राग येतो. अख्खं आयुष्य बंदूक धरलेल्या अंगठ्याला फरक कळत नसेल, तर पाठीचा काटा मोडेस्तोवर बसलात कशाला? मीही दोन्हींवर बोट फिरवून पाहिलं असतं तर मला तरी कळला असता का, या विचारानं मी जास्तच अस्वस्थ होते.

आज दुपारी शेवटी लावला फोन. वाक्य पाठ केलं होतं: अंकल, ती जाळी मशीनची आहे, तुमची जुनी सोडू नका. पण माझा आवाज ऐकताच तेच बोलायला लागले. "बरं झाला फोन केलास. जुनी गेली ना कालच, नाशिककडचा कोण घेऊन गेला. आता तुझी कधी मिळते सांग."

"मिळेल अंकल, लवकरच," मी म्हटलं.

फोन ठेवला. आणि बाबा, मला हायसं वाटलं.