शेवटच्या प्रकरणातलं स्वप्न

आई,

काय घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. तू गेलीस त्याला चौदा वर्षं झाली.
२. तुझं अपुरं पुस्तक, रशियातून परागंदा झालेल्या त्या मनोविश्लेषक बाईंचं चरित्र, तुझ्या विद्यार्थिनीने पूर्ण केलं. प्रकाशक मिळाला आहे.
३. शेवटच्या प्रकरणात मी आहे. त्यासाठी माझी लेखी संमती हवी आहे.
४. ज्या स्वप्नावर ते प्रकरण उभं आहे, ते मला कधीच पडलं नव्हतं.

चौथी गोष्ट तुला माहीत नाही. "आधी स्वप्न, मग दूध," असा आपल्या स्वयंपाकघरातला नियम होता. दात घासले की स्वप्न पुसलं जातं म्हणायचीस, आणि ओट्याला टेकून कार्डावर लिहून घ्यायचीस. त्या बाईंनीही परक्या शहरातल्या एका खोलीत आपल्या मुलीचं बोलणं असंच टिपून छापलं होतं, हे तू आल्यागेल्याला सांगायचीस. त्यातली एक सकाळ: मी नऊ वर्षांची आहे. "आज काही पडलं नाही," म्हणते. "पडलंय. तू लपवतेस," तू म्हणतेस आणि दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीस. तिसऱ्या दिवशी बाबा पेपरमागून म्हणतात, "अगं, सांग बाई काहीतरी, मला डबा मिळू दे." मग मी सांगते: बर्फातलं स्टेशन आहे, आईचा हात सुटलाय, माझ्या एकाच पायात बूट आहे. तुझं पेन थांबतं. तू मला जवळ घेतेस. संध्याकाळी कंपासपेटी आणतेस.

ते स्वप्न त्या बाईंच्या मुलीचं होतं, देश सोडल्यानंतरचं. तू त्याचं भाषांतर करून ठेवलं होतंस, मी ते तुझ्या टेबलावर वाचलं. मला तू ते कधीच सांगितलं नव्हतंस, म्हणजे ते तुझ्या मनातून माझ्या मनात आलं, असा तू निष्कर्ष काढलास. टेबल दिवसभर उघडं असतं आणि मुलीला वाचता येतं, ही शक्यता तपासली नाहीस. पुढे दोन वर्षं मी तुला स्वप्नं बनवून दिली. मी इथे परदेशात, बुओना व्हिस्टाला, यंत्रांवरच्या सेन्सरच्या नोंदी तपासते. खरी नोंद थोडी वेडीवाकडी असते. फार स्वच्छ दिसली की आम्ही ती बाजूला काढतो. तुझ्या कार्डांवरचं एकही स्वप्न वेडंवाकडं नाही.

हॉस्पिटलमध्ये सांगता आलं असतं. शेवटच्या आठवड्यातही तू शुद्धीवर होतीस, तेच प्रकरण विद्यार्थिनीला तोंडी सांगत होतीस. "हिला तेव्हा बर्फ ठाऊकही नव्हता," म्हणालीस आणि माझ्याकडे पाहिलंस. मी होकारार्थी मान हलवली. दया म्हणून नव्हे. तू चुकीचं लिहून जाते आहेस, हे मला बघायचं होतं.

मागच्या आठवड्यात तुझ्या विद्यार्थिनीचा फोन आला तेव्हा मी हॉकर सेंटरमध्ये, इथल्या खाण्याच्या गाळ्यांपाशी, जेवणाच्या रांगेत होते.

"मॅडमचा जीव होता गं त्या प्रकरणात. ते नसेल तर पुस्तक कशाला काढायचं? तू बर्फ पाहिला तरी होतास का तेव्हा?"

"फ्रीजमध्ये."

ती खूप हसली. "अगदी मॅडमवर गेलीस! सही कधी पाठवतेस?"

"शुक्रवारी."

खरं सांगितलं तर पुस्तक निघणार नाही. तुझी सगळी वर्षं त्या कार्डांबरोबर खोक्यात राहतील. सही केली तर तू तुझ्याच नावाखाली फसलेली छापली जाशील, आणि ते एकट्या मलाच कळेल. मला दुसरं जास्त आवडतं. वाचकांना तुझी हुशारी दिसेल आणि मला प्रत्येक पानावर तो निष्कर्ष.

हे पत्र कुठेच जाणार नाही. तरी मी गुरुवारची रजा टाकली आहे. कारणाच्या रकान्यात 'घरचं काम' लिहिलं. सही करू की खरं सांगू, ते एका शब्दात कळव. गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत.